प्रश्नचिन्हांचा ऑगस्ट

मरताना कुणी खोटं बोलत नाही, असं म्हणतात. या समजुतीवर पोलीस मृत्युपूर्व जबाब घेतात आणि कोर्टं त्याला मान देतात. माझे थोरले काका शेवटच्या घटकेला म्हणाले, की बुद्धिबळात त्यांना आजवर कुणी हरवलेलं नाही. खाटेभोवती त्यांना हरवलेले चौघे उभे होते. तेव्हापासून या समजुतीकडे मी जरा लांबूनच बघते.

पण पोटासाठी मी जे काम करते, ते याच समजुतीवर चालतं. एखादा प्रोग्राम चालता चालता मरतो, तेव्हा मागे एक यादी राहावी अशी अपेक्षा असते. मी इथे मेलो, इथे मला अमक्याने पाठवलं, अमक्याला तमक्याने, असं उलट्या क्रमाने पार पहिल्यापर्यंत. धंद्यात या यादीला स्टॅक ट्रेस म्हणतात. मी मनातल्या मनात जबाबच म्हणते. प्रोग्राम स्वतः ती लिहीत नाही, मेलेला काय लिहिणार. ज्याच्या खांद्यावर बसून तो चालतो तो रनटाइम लिहितो, आणि आमची टीम तो रनटाइम सांभाळते. थोडक्यात, आम्ही पंचनाम्याचे कारकून.

ऑगस्ट पुन्हा आला आहे. इथला ऑगस्ट काचेवर येतो. सकाळी पडदा सरकवला, की खिडकीला बाहेरून घाम फुटलेला असतो. आतून पुसून उपयोग नसतो आणि बाहेरून पुसायला कुणी जात नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं बसतं आणि गाडीपर्यंतची वीस पावलं सवयीने चालायची. नळाला गार पाणी म्हणून जे येतं त्यात चहा होईल. म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यात घरातल्या गारव्याने निवलेलं पाणी ‘गरम’ लिहिलेल्या नळातून अंगावर घ्यायचं. शारजात आल्या आल्या शेजारणीने मला हे शिकवलं होतं. इथे उन्हाळ्यात गरम म्हणजे गार आणि गार म्हणजे गरम, एवढं लक्षात ठेवलं की झालं, असं ती म्हणाली होती. शब्दांवर फार विसंबू नये हा धडा मला इथे पहिल्यांदा बाथरूममध्ये मिळाला.

शाळांना सुट्टी असते. जुलैत अर्धं शारजा भारतात निघून जातं. गेल्या वर्षी आमच्या घरातलेही दोघे गेले, नवरा आणि मुलगी इरा. मी मागे राहिले, आधी एका समारंभासाठी आणि मग ‘फक्त एका आठवड्याच्या कामा’साठी. भाजी एका फ्रीजमधून दुसऱ्या फ्रीजमध्ये जावी तशी मी घराच्या एसीतून गाडीच्या एसीत, गाडीच्या एसीतून ऑफिसच्या एसीत जात होते. मधल्या वीस पावलांपुरती पृथ्वी होती, आणि ती दिसत नव्हती.

काम असं होतं. दुबईच्या कडेला थंड पाण्याचा एक प्लांट आहे. तिथे पाणी गार करतात आणि जमिनीखालच्या नळांतून आसपासच्या इमारतींना पुरवतात. त्या इमारतींना स्वतःचा एसी नाही, नुसतं हे पाणी फिरतं. पंप कधी चालू करायचे, कधी बंद, हे एक प्रोग्राम ठरवतो. तो आमच्या रनटाइमवर चालतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला प्लांटच्या कंपनीने त्यातल्याच एका इमारतीच्या काचेच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला होता. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत सूट घातलेले दोनशे लोक. ‘थंडाव्याचं भविष्य’ असं इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं. अत्तराचा वास, खजुराची तबकं, मधोमध बर्फात कोरलेला ससाणा. व्यासपीठावर भिंतीएवढा पडदा आणि मखमलीवर एक सोनेरी बटण. बटण दाबलं की प्लांट या क्षणी किती थंडावा बनवतो आहे आणि किती वीज वाचवतो आहे, ते पडद्यावर झळकणार होतं. आमच्या कंपनीलाही दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी होते. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समारंभात काळोखानंतर काहीतरी भव्य येतं, असा सर्वांचा अनुभव असतो.

काही आलं नाही. दहा मिनिटांनी पहिला कोट उतरला. वीस मिनिटांनी ससाण्याची चोच गळाली. प्लांटमधला प्रोग्राम मेला होता आणि पंप थांबले होते. ते परत चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली. तोवर जनरल मॅनेजर साहेबांनी भविष्यावर तीनदा भाषण केलं आणि ससाण्याचं कबूतर झालं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. जनरल मॅनेजर म्हणाले, “मला कारण नको, नाव हवंय.”

एक नाव तयार होतं. अनंत घाडी. कुडाळकडचे, पन्नाशीचे, अकरा वर्षं आखातात, प्लांटमध्ये पंप ऑपरेटर. प्रोग्राम मेला त्या क्षणी पंप-रूममध्ये तेच एकटे होते आणि सुपरवायझर बिजूच्या सांगण्यावरून तीन नंबरचा पंप चालू करत होते. समोरचा पॅनेल काळा पडला. घाडींनी वॉकीटॉकीवर कळवलं. बिजूने “ओके” म्हटलं. आणि मग चाळीस मिनिटं कुणी काहीच केलं नाही.

“मॅडम, ये आदमी खुद बोला, पंप खलास,” बिजू चौकशीत मलाच सांगत होता, कारण खोलीत घाडींच्या भाषेचं दुसरं कुणी नव्हतं. “मैं बोला, ओके, खलास. फिर मैं खाना खाने गया. काम खलास, तो खाना.”

आखातात खलास म्हणजे झालं, आटोपलं, काळजी नको. टॅक्सीवाला उतरवताना म्हणतो, सलूनवाला टॉवेल झटकताना म्हणतो. घाडीही अकरा वर्षं याच अर्थाने म्हणत आले होते.

“मग त्या दिवशीच असं कसं?” मी त्यांना मराठीत विचारलं.

“ताई, घाबरल्यावर आवशीचीच भाषा येता तोंडात,” ते म्हणाले. “आमच्यात पंप खलास म्हणजे पंप मेलो. ह्यांका ‘काम झाला’ असा ऐकाक इला.”

मी हे इंग्रजीत समजावून सांगितलं. एका भाषेत मेला, दुसरीत झालं. जनरल मॅनेजरनी विचारलं, “म्हणजे दोघांचंही बरोबर?” मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. चौकशीत दोघांचं बरोबर असणं सगळ्यांत गैरसोयीचं.

घाडींच्या फाइलमध्ये ताकीद लागली: पॅनेल चुकीचा हाताळला. शिवाय, ‘मूळ कारण’ सापडेपर्यंत त्यांची रजा अडकली. ही रजा गणपतीची होती. पाच वर्षांनी मिळाली होती, तिकीट चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचेल असं काढलेलं होतं. कारण सापडलं आणि ते घाडी निघाले, तर त्यांना कायमचं घरी पाठवणार. कारण सापडलंच नाही, तर घरी पाठवणारच नाहीत. कोकणात जाऊन परत यायचं असेल, तर एकच वाट होती: प्रोग्रामने मरताना दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलेलं असायला हवं होतं.

मी जबाब उघडला. बारा ओळी होत्या. बाराही ओळींवर तीन तीन प्रश्नचिन्हं.

प्रश्नचिन्हांचं कारण समजायला मला चार दिवस लागले, समजल्यावर ते अगदी बाळबोध होतं. जबाबातल्या जागांची नावं लिहायची, तर रनटाइमकडे नावांचा नकाशा पाहिजे. तो नकाशा प्रोग्रामच्या स्वतःच्याच फाइलमध्ये असतो. म्हणजे आधी रनटाइमला कळायला हवं, की आपली फाइल आहे कुठे. एरवी तो ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, मी कुठे आहे, आणि ती सांगते. प्लांटमधल्या लोखंडी कपाटातल्या यंत्रावर सुरक्षेसाठी म्हणून कुणीतरी नको ते सगळं काढून टाकलं होतं, आणि त्यात हे उत्तर देणारी खिडकीही बंद केली होती. मी कुठे आहे? उत्तर नाही. मग प्रश्नचिन्हं.

मला यात हसण्यासारखं काही वाटेना. शारजात मलाही पत्ता नाही. आहे तो खुणेचा: ग्रोसरीच्या मागे, मशिदीसमोर, लाल कॅफेटेरियाच्या शेजारी. एकदा त्या कॅफेटेरियावाल्याने भिंत हिरवी रंगवली, तर दोन आठवडे माझ्याकडे एक पार्सल आलं नाही. “लाल किधर है मॅडम?” म्हणून ड्रायव्हर खालून फोन करायचे. फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ म्हणून मी अजून पुण्याचा लिहिते. तिथे आता एक दंतवैद्य बसतो.

पहिला उपाय मी असा केला, की प्रोग्रामला ज्या वाटेने सुरू केलं ती वाट रनटाइमने लक्षात ठेवावी. पण ती वाट सुरू करणारा जिथे उभा होता तिथून मोजलेली होती, आणि प्रोग्राम नंतर तिथून हलत होता. म्हणजे पुन्हा लाल कॅफेटेरिया. दुसऱ्या उपायात जबाब लिहिता लिहिता लिहिणाराच मेला. पंचनाम्याला गेलेला कारकून प्रेतावर कोसळावा तसं. ऑफिसात असे प्रयोग पुरे होईनात, ते कपाट जिथे होतं तिथेच बसणं भाग होतं. एक आठवडा म्हणता म्हणता तिसरा लागला. इराचे व्हिडिओ कॉल यायचे, मागे आजीचा झोपाळा हलत असायचा.

“इरा, जेवलीस का?”

“आई, व्हेन आर यू कमिंग?”

“हे झालं की लगेच.”

“यू सेड दॅट लास्ट वीक.” मग आजीला, माझ्याकडे पाठ करून, “शी इज स्टक.”

अडकली. सात वर्षांच्या मुलीला मूळ कारण न शोधता कळलं होतं.

पंप-रूममध्ये खिडकी नाही. इथे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, आणि ती चांगलीच आहे. आत काम करायला नसते. पाण्याचा असा घोष, की स्वतःचा विचारही मोठ्याने करावा लागे. मी कपाटासमोर लॅपटॉप घेऊन उलट्या बादलीवर बसायची. घाडी दर तासाला वही घेऊन दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या रांगेपुढून जायचे. ताकीद असली तरी काट्यांना कळत नाही, असं म्हणत. कधी थांबून विचारायचे, “बोललो काय तो?”

“नाही.”

“काय म्हणता तरी?”

“प्रश्नचिन्हं.”

“माझ्यासारखोच मगे. माका पण साहेब रोज इचारतत. मी केलंय ता सांगतंय. नाय केलंय ता कसा सांगू?”

एका संध्याकाळी माझ्यामुळे त्यांची कंपनीची बस चुकली. ते राहायचे शारजाच्याच औद्योगिक भागात, एका खोलीत सहा जण. मी म्हटलं, सोडते. ते मागच्या सीटवर बसले, मांडीवर डबा घेऊन, बँकेत बसल्यासारखे ताठ. शारजाच्या रस्त्यावर नेहमीचं झालं होतं; सहा रांगा गाड्या, प्रत्येकीत एक माणूस, प्रत्येकाच्या तोंडावर एसी. दीड तासात आम्ही जेवढं पुढे गेलो तेवढं घाडी गावी बाजाराला चालत गेले असते. तसं ते म्हणालेही.

“रजा नाय गावली तर नाय,” मग ते म्हणाले. “पण ताकीद घेवन जावक नको. लोक इचारतले, कित्या इलंस? मी काय सांगू, एक शब्द चुकलो?”

मी आरशात बघितलं नाही. पुढच्या गाडीच्या काचेवर ‘हॅपीनेस’ अशी काहीतरी सरकारी पट्टी होती, ती वाचत राहिले.

काम सुटलं ते दुसऱ्या दिवशी, त्यांच्या वहीमुळे. काट्यांच्या रांगेत एका काट्याखालचं नाव दमट हवेने पार पुसलं गेलं होतं. तो कशाचा दाब दाखवतो ते वाचता येत नव्हतं. घाडींच्या वहीत मात्र त्याची नोंद दर तासाला होती: ‘डावीकडून तिसरा, ४.२’.

“नाव नाही, तरी लिहिता?” मी विचारलं.

“नाव गेला म्हणान काटो थांबता काय?” ते म्हणाले. “आकडो लिवन ठेवचो. कोणाक होयो तो ऑफिसात जावन नकाशात बघीत.”

मी उलट्या बादलीवरून उठलेसुद्धा नाही. तीन आठवडे आमचा रनटाइम नावासाठी अडून बसला होता. नाव मिळालं नाही की रागाने प्रश्नचिन्ह लिहीत होता. आकडा, म्हणजे प्रोग्राम मेला ती नेमकी जागा, त्याच्या हातात सबंध वेळ होती. ती फेकून देऊन तो प्रश्नचिन्ह लिहीत होता. असं वागणारे लोक मी पाहिले आहेत, बहुतेक मोठ्या हुद्द्यांवर. आपल्या यंत्रात ते कुणी घातलं, हे मी शोधायला गेले नाही. आमची टीम लहान आहे.

मी रनटाइमला शिकवलं: नाव कळलं तर नाव लिही, नाही कळलं तर आकडा लिही, आणि गप्प बस. नकाशा ऑफिसात आहे, आम्ही बघू. दोन दिवसांत ते प्लांटमध्ये बसवलं. सोबत, प्रोग्राम मेला तर लगेच पुन्हा उठेल एवढीही सोय केली. आता फक्त तो मरायची वाट बघायची होती. डॉक्टर होता होता राहिलेल्या माझ्या बहिणीला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “तुझ्या धंद्यात माणुसकी कमी आहे.”

नऊ दिवस तो ठणठणीत जगला. घाडींच्या तिकिटाची तारीख आठवड्यावर आली. मी त्यांना टाळायला लागले. पंप-रूममध्ये ते जमत नाही, तिथे एकच दार आहे.

मग कुठलंसं शिष्टमंडळ प्लांट बघायला आलं. जनरल मॅनेजरनी त्यांना हॉलमध्ये नेलं आणि मोठ्या पडद्यासमोर सोनेरी बटण स्वतः दाबलं. पडदा काळा झाला. पंप-रूममध्ये माझ्यासमोर पॅनेल काळा झाला, मिनिटभरात परत उजळला, आणि लॅपटॉपवर बारा आकडे उमटले. घाडी तेव्हा दुसऱ्या टोकाला, एका हातात डबा धरून, दुसऱ्याने जेवत होते.

नकाशा लावायला पाच मिनिटं लागली. जबाब असा होता. मी भागाकार करताना मेलो. भागाकार करायला मला टक्केवारीने पाठवलं. टक्केवारीला पडद्याने. पडद्याला बटणाने. आदल्या वर्षीच्या मानाने किती टक्के सुधारणा, हे पडद्याला दाखवायचं होतं. आदल्या वर्षी प्लांट चालू झालेला नव्हता. आदल्या वर्षीचा आकडा शून्य. शून्याने भागलं, की प्रोग्राम मरतो; माणसं भाषण करतात.

पडदा नुसता बघतो, काही करत नाही, असं चौकशीत सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. ती टक्केवारी आमच्याच कंपनीत समारंभाच्या घाईत लिहिली गेली, आणि ‘तपासलं’ म्हणून तिच्याखाली माझं नाव आहे. अहवालात मी तेही लिहिलं. लिहिताना बोट थोडं थांबलं, खोटं कशाला सांगू. पण मागून डबा धुतल्याचा आवाज येत होता.

जनरल मॅनेजरनी अहवाल दोनदा वाचला. “म्हणजे बटण कुणी दाबलं म्हणून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी.”

“आणि परवा?”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीला बाहेरून घाम आलेला होता, त्यामुळे पाहण्यासारखं काही नव्हतं. मग ते म्हणाले, घाडी हा आपला फार जुना आणि निष्ठावान माणूस आहे.

रजा सुटली. मी घाडींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरा झाला,” आणि वहीत त्या तासाचे आकडे लिहायला वळले; पण त्या पानावर तिसऱ्या काट्याची नोंद दोनदा आहे.

राहिली ताकीद. एचआरच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की ताकीद मागे घ्यायचा फॉर्म कंपनीत नाही. ताकीद लावायचा आहे. तेव्हा साहेबांनी असं ठरवलं आहे, की घाडींना ऑगस्टचा उत्कृष्ट कर्मचारी करायचं. फोटो, प्रशस्तिपत्र, छोटासा समारंभ. ताकीद मग आपोआप फिकी पडते. फक्त साहेब बाहेरगावी आहेत, म्हणून घाडींनी तिकीट तीन दिवस पुढे ढकलावं, खर्च कंपनीचा. “सण तर दहा दिवस चालतो ना?” त्यांनी विचारलं. घाडींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुण्यात वाढलेली, मी म्हटलं, “हो, दहा दिवस.” घाडी म्हणाले, “काय हरकत नाय.”

समारंभ चांगला झाला. फुलं खरी होती. घाडी फोटोत ताठ उभे आहेत, डबा नसल्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना सुचलेलं दिसत नाही. तो फोटो अजून रिसेप्शनच्या भिंतीवर आहे. या महिन्यात मी तिथे गेले तेव्हा पाहिला.

घाडींच्या घरचा गणपती दीड दिवसाचा असतो.